मुख्य पानावर सगळं ठीक होतं

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या केंद्राचे संचालक, डॉक्टरसाहेब. व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, विश्वस्त मंडळाच्या सचिव मॅडम. आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे प्लास्टरदादा म्हणतो ते. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि त्यांची मुलगी. कार्यशाळेतले, मापखोलीतले, भांडारातले आणि कार्यालयातले माझे सहकारी. आणि आज पायाच्या कामासाठी आलेले, पण समारंभ आहे असं कळल्यावर आपणहून थांबलेले आपले रुग्ण, सर्वांना माझा नमस्कार.

हे भाषण मी लिहून आणलं आहे. त्याचं कारण आधी सांगते. गेल्या सोमवारी वहिनी हे सभागृह बघायला आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "यांना मोठं काही नकोच असतं. दहा वर्षांपूर्वी विभागप्रमुखाची खुर्ची समोर आली होती, तर यांनीच नको म्हटलं. मी वर्षभर धड बोलले नव्हते यांच्याशी." यावर काय उत्तर द्यायला हवं ते मला पक्कं माहीत होतं. मी म्हणाले, "चहा घेणार?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं भेकड वाक्य बोललेली नाही. तोंडी बोलायला उभी राहिले तर पुन्हा चहाच विचारेन, अशी भीती वाटली. म्हणून हे लेखी.

मला सात मिनिटं दिलेली आहेत. ती पुरणार नाहीत. सूत्रसंचालकांनी चिठ्ठी पाठवण्याची तसदी घेऊ नये. आणि तो पंखा कुणीतरी एक घर कमी करा, कागद उडतोय.

नव्या लोकांसाठी सत्कारमूर्तींविषयी थोडं. आपलं केंद्र कृत्रिम हातपाय बनवतं, हे तुम्हाला माहीत आहे. दादा इथे बावीस वर्षं प्लास्टरखोलीत होते. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस आला की उरलेल्या पायावर सुती मोजा चढवायचा, त्यावर जांभळ्या पेन्सिलीने खुणा करायच्या आणि वरून ओलं प्लास्टर गुंडाळायचं. ही पेन्सिल ओली झाली की रंग सोडते, त्यामुळे मोज्यावरच्या खुणा साच्याच्या आतल्या बाजूला उमटतात. इथे हाड टोचतं, इथे भार चालेल, इथे पट्टा. दादांच्या खुणा चुकल्या आणि पाय परत आला, असं बावीस वर्षांत दोनदा झालं. त्यातल्या एका वेळी माणसानेच पाय उलटसुलट घातला होता.

मग त्यांची पाठ गेली. वाकायला मनाई झाली. त्यांना कार्यालयात माझ्या हाताखाली पाठवलं. कार्यालयात एक संगणक होता, त्यावर धूळ पुसण्यापलीकडे कुणी काही करत नव्हतं. दादा त्याच्यापुढे जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांनी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, आपली वेबसाइट तयार आहे. बघता का?" मी म्हणाले, कुणाच्या परवानगीने? ते म्हणाले, "परवानगी घ्यायची म्हणूनच दाखवतोय."

ती वेबसाइट चांगली होती. आजही मी तेच म्हणेन. गुडघ्यावरच्या पायाचं एक पान, गुडघ्याखालच्या पायाचं एक, हाताचं एक, दुरुस्तीचं एक. प्रत्येक पानावर मध्ये एक चौकट आणि चौकटीच्या डोक्यावर चार टॅब. दुरुस्तीच्या पानावर 'वार आणि वेळ', 'लागणारे कागद', 'घरी घ्यायची काळजी' आणि 'कुणाला भेटावे'. जो टॅब दाबावा, त्याचा मजकूर त्याच चौकटीत समोर यायचा. पान बदलायचं नाही, काही नाही. लांबून येणाऱ्यांना घरबसल्या वार कळायला लागले आणि बाहेरच्या बाकावर फुकट बसणारी माणसं निम्मी झाली.

आता माझ्याविषयी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी या कार्यालयाची अधीक्षक आहे आणि माझा एक नियम आहे. या केंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर केंद्राचा पूर्ण पत्ता हवा. पहिल्या पानावर असून भागत नाही, प्रत्येक पानावर हवा. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाईंच्या मापाचा सुटा कागद दुसऱ्याच दवाखान्यात गेला आणि चार महिन्यांनी परत आला. त्या चार महिने कुबड्यांवर होत्या. तेव्हापासून हा नियम. आपले भांडारपाल माझ्यामागे सांगतात, की बाई घरी दूधवाल्याला चिठ्ठी लिहितात तिच्यावरही केंद्राचा पत्ता आणि जावक क्रमांक असतो. हसा. ते समोर बसलेत आणि मला सगळं पोचतं.

अकरा वर्षांपूर्वी आपली वेबसाइट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवली. बाहेरच्या संगणक कंपनीने हलवली. हलवल्यावर आतल्या पानांवरची चित्रं गेली. पायाच्या जागी रिकामा चौकोन. मी कंपनीला फोन लावला. तिकडचे गृहस्थ म्हणाले, सोपं आहे, प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकच ओळ टाका, तिच्यात तुमच्या मुख्य पानाचा पूर्ण पत्ता लिहा, म्हणजे पानावरचे सगळे अर्धवट पत्ते तिथून मोजले जातील आणि चित्रं सापडतील.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर पूर्ण पत्ता. तुम्हीच सांगा, मला हे ऐकून कसं वाटलं असेल? मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी शहाणा माणूस फोनवर भेटला.

मी त्याच दिवशी लेखी आदेश काढला. दादा तो घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "बाई, चित्रं येतील. पण आतल्या पानांवर एक अडचण होईल." मी म्हणाले, आधी करा, मग अडचण सांगा. त्यांनी केलं. चित्रं आली. मी स्वतः मुख्य पान उघडून बघितलं. मुख्य पानावरही एक टॅबांची चौकट होती, ती चारही टॅब दाबून बघितली. सगळं ठीक होतं. मासिक बैठकीत माझं अभिनंदन झालं. त्याची नोंद आहे.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, एक शिक्षिका आल्या. पाच तासांचा प्रवास करून. त्यांच्या कृत्रिम गुडघ्याची कळ तुटली होती, पाय उभं राहताना मध्येच दुमडायचा. दुरुस्तीचे वार मंगळवार आणि शुक्रवार. कार्यशाळेला कुलूप. त्यांनी फोनवर दुरुस्तीचं पान उघडून 'वार आणि वेळ' दाबलं होतं. त्या चौकटीत त्यांना काय दिसलं? आपलं मुख्य पान. अख्खं. वर केंद्राचं नाव, खाली 'केंद्र सोमवार ते शनिवार उघडे'. दुरुस्तीच्या पानाच्या पोटात मुख्य पान. पानात पान, त्यात पुन्हा टॅब. त्यांनी सोमवार ते शनिवार वाचलं आणि निघाल्या. बिचाऱ्यांचं काय चुकलं?

दादा खाली गेले, कार्यशाळेची किल्ली मागून घेतली, जुन्या सांध्यातली कळ काढून त्यांना बसवून दिली. वाकायची मनाई होती, ते जमिनीवर बसले. नंतर दोन दिवस रजेवर होते.

शिक्षिकेने घरी जाऊन तक्रार लिहिली. अर्धं पान. दादांविरुद्ध तिच्यात एक शब्द नाही. शेवटचं वाक्य असं होतं: 'वार दाबले की पहिलं पान त्याच चौकटीत पुन्हा येतं, कृपया बघावे.' सगळं निदान त्या एका ओळीत होतं. ते पाय तुटलेल्या गणिताच्या शिक्षिकेने लिहून पाठवलं होतं, आणि आम्ही त्यावर तिघांची चौकशी समिती नेमली.

समितीची अध्यक्ष मी. भांडारपाल सदस्य. तिसरे सदस्य आता हयात नाहीत, त्यांच्याविषयी बोलत नाही.

चौकशी वीस मिनिटं चालली. कॉलेजात माझा विषय तर्कशास्त्र होता आणि मला त्यात बक्षीस होतं, हे मी त्या दिवशी दोनदा सांगितल्याचं भांडारपालांना आठवतं. माझा युक्तिवाद असा होता. पत्त्याची ओळ मुख्य पानावरही आहे आणि दुरुस्तीच्या पानावरही आहे. मुख्य पानावरचे टॅब चालतात. म्हणून ओळ निर्दोष आहे. म्हणून दोष दुरुस्तीच्या पानात आहे. दुरुस्तीचं पान दादांनी बनवलं. म्हणून दोष दादांचा. आम्ही तिघांनी मुख्य पान उघडलं, चारही टॅब दाबले, माना डोलावल्या. दादा दाराशी उभे होते. मी त्यांच्या सेवापुस्तकात शेरा लिहिला: 'सूचनेची अंमलबजावणी निष्काळजीपणे केली.'

पुढच्या वर्षी माहिती विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. दादांशिवाय त्या जागेला लायक माणूस इथे नव्हता. सेवापुस्तक उघडलं, शेरा दिसला, नाव वगळलं. वहिनी, तुमच्या यजमानांनी खुर्ची नको म्हटलं नाही. त्यांना ती कुणी विचारलीच नाही. त्यानंतर त्या खुर्चीवर बाहेरून चार माणसं आली आणि गेली. चौघांनाही वेबसाइट दादांनीच समजावून दिली.

ही झाली घटना. आता माझा गोंधळ. तो एवढ्यातला, तीन आठवड्यांचा आहे.

दादांचं काम घेण्यासाठी आलेल्या आपल्या संगणकतज्ज्ञ मॅडम, त्यांना इथे सगळे नव्या मॅडम म्हणतात, त्या एका दुपारी दादांशेजारी बसून एकेक पान समजून घेत होत्या. मी जावक रजिस्टर शोधत तिथे होते. मॅडमनी विचारलं, "दादा, ही डोक्यावरची ओळ कुणी टाकली? टॅबच्या प्रत्येक लिंकमध्ये तुम्ही पानाचा अख्खा पत्ता हाताने का लिहिलाय? नुसती खूण पुरली असती की."

दादा म्हणाले, "वर वाचा."

मॅडमनी वर वाचलं. लोकांना न दिसणारी, फक्त काम करणाऱ्याला दिसणारी टीप त्या ओळीच्या वर होती. 'पूर्ण पत्ता. अधीक्षकांच्या लेखी आदेशानुसार.' खाली तारीख. आणि माझा जावक क्रमांक.

मी मॅडमना म्हणाले, मला समजावून सांगा. त्यांनी सांगितलं. मला कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तरी कळलं नाही. माझ्यावर असा प्रसंग फार वर्षांनी आला, म्हणून मी जरा वरच्या आवाजात बोलले, त्याबद्दल मॅडमची इथे माफी मागते. शेवटी दादांनी खणातून जांभळी पेन्सिल काढली.

त्यांचं बोलणं मी तिथेच उतरवून घेतलं. ते असं. "बाई, टॅबमागे मी फक्त खूण लिहायचो. खूण म्हणजे, याच पानावर, खाली, अमक्या जागी. मोज्यावरची खूण कशी त्याच पायापुरती असते. गुडघ्यापासून चार बोटं खाली, म्हणजे याच गुडघ्यापासून. आता हॉलमध्ये काचेच्या कपाटात नमुन्याचा पाय उभा आहे ना? समजा कुणी हुकूम काढला, की सगळ्यांच्या खुणा त्या नमुन्याच्या गुडघ्यापासून मोजा. मग प्लास्टरखोलीत बसलेल्या माणसाची खूण कुठे जाईल? हॉलमध्ये. टॅबच्या चौकटीने बघितलं, या खुणेचा पत्ता तर या पानाचा नाही, दुसऱ्या पानाचा आहे. तिला वाटलं, मजकूर बाहेरून आणायचाय. तिने मुख्य पान उचलून आणलं आणि इथे ठेवलं. तिचं काही चुकलं नाही."

मी विचारलं, मग मुख्य पानावर का चालत होतं?

ते म्हणाले, "मुख्य पानाचा पत्ता आणि ओळीतला पत्ता एकच. तिथे मोजलं काय, न मोजलं काय, सारखंच. तुम्ही नमुना तपासलात, बाई."

सभेतल्या ज्यांना हे समजलं नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी पहाटे उठून कागदावर दोन पाय काढले, तेव्हा समजलं. माझ्या युक्तिवादातलं पहिलं वाक्य खरं होतं, दुसरं खरं होतं, आणि तिसरं साफ खोटं. त्या ओळीचा दोष जिथे दिसणं शक्यच नाही, असं अख्ख्या वेबसाइटवर एकच पान होतं. आम्ही तिघांनी तेवढंच पान बघितलं.

नंतर मी दादांना माझ्या खोलीत बोलावलं. अकरा वर्षं ती ओळ का ठेवली, विचारलं. ते म्हणाले, आदेश लेखी होता, तोंडी कसा मोडणार. म्हणून त्यांनी ओळ तशीच ठेवून तीनशे चाळीस लिंका हाताने पूर्ण पत्त्यासह लिहिल्या. पानाचं नाव बदललं की त्या पानावरच्या सगळ्या पुन्हा. मधल्या वर्षांत पानांची नावं सहा वेळा बदलली. त्यातली चार वेळा माझ्या सांगण्यावरून. मी म्हणाले, एवढा उपद्व्याप? ते म्हणाले, "हात बसला होता. आणि टॅब चालत होते ना."

मग मी विचारायचं ते विचारलं. खरं तर ओरडले. चौकशीत तुम्ही तोंड का उघडलं नाहीत? एक शब्द बोलला असतात तर?

दादा म्हणाले, "सांगितलं होतं."

कधी? मी म्हणाले, मी समोर होते, तुम्ही गप्प उभे होतात. ते पुन्हा तेवढंच म्हणाले आणि चहाच्या वेळेला उशीर होतोय म्हणून गेले.

मला इतका राग आला होता, की हा माणूस निवृत्त होता होता मला खोटं पाडतोय असं वाटलं. मी अभिलेखातून चौकशीचं इतिवृत्त काढलं. त्यांना दाखवायचं म्हणून काढलं. इतिवृत्त माझ्याच हाताचं आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पूर्ण पत्ता आहे. दुसऱ्या पानावरची चौथी ओळ वाचते: 'संबंधितांनी असे सांगितले की मुख्य पानावर हे दिसणार नाही, ती ओळ तात्पुरती काढून आतले पान पाहावे. कोठे पाहावे हे समिती ठरवील असे अध्यक्षांनी स्पष्ट केले.'

अध्यक्षांनी स्पष्ट केले. अध्यक्ष म्हणजे मी.

म्हणजे ते बोलले. मी ऐकलं. ऐकून शुद्ध लिहून काढलं, खाली सही केली, आणि अकरा वर्षं शपथेवर सांगितलं असतं की हा माणूस गप्प होता. हे कसं होतं? मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच ते दाराशी गप्प उभे असलेले आठवतात, आजही आठवतात, इतिवृत्त वाचल्यावरही आठवतात. मग माझ्या आठवणीतले बाकीचे लोक तरी खरे आहेत का? मी आणखी किती जणांचं बोलणं लिहून घेतलं आणि ऐकलं नाही? या सभागृहात माझ्यापुढे कधी ना कधी उभे राहिलेले निदान चाळीस जण बसलेले आहेत. तुमच्यातले काही मान हलवताहेत, ते मला इथून दिसतंय. उद्यापासून दुपारी तीन ते चार माझी खोली उघडी असेल. इतिवृत्तं माझ्याकडे आहेत. या आणि बघा.

हा माझा गोंधळ. तर्कशास्त्राने तो सुटलेला नाही.

पण गोंधळ सुटेपर्यंत काम थांबवायचं नसतं. सेवापुस्तकातला शेरा ज्याने लिहिला त्यालाच कारण देऊन खोडता येतो, संचालकांची मान्यता लागते, आणि संबंधिताने वाचून 'मिळाले' अशी सही करावी लागते. आज साडेपाचला दादांचं सेवापुस्तक बंद होईल. बंद झालं की शेरा कायम राहील. मी कारण लिहिलं. डॉक्टरसाहेबांनी आज दुपारी दोन वाजता मान्यता दिली, त्यांचे आभार. राहिली दादांची सही. चार दिवस मी तो कागद घेऊन त्यांच्यामागे फिरतेय. पहिल्या दिवशी म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चष्मा घरी राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "राहू द्या बाई, ते पुस्तक आता कोण वाचतंय?" मी म्हणाले, मी वाचते. काल मी विचारलं, हे सगळं उद्या सभेत सांगू का? म्हणाले, "भाषण तुमचं आहे." याला हो म्हणतात की नाही? मी रात्रभर ठरवू शकले नाही. ज्या माणसाने माझा चुकीचा आदेश अकरा वर्षं शब्दशः पाळला, तो माझी दुरुस्ती का घेत नाही?

म्हणून आज मी वहिनींना समारंभाच्या अर्धा तास आधी बोलावलं आणि माझ्या खोलीत दार लावून सगळं सांगितलं. सभेत पहिल्यांदा ऐकण्याची वेळ त्यांच्यावर यायला नको होती. त्या बराच वेळ माझ्या टेबलावरच्या टाचण्या सरळ लावत बसल्या. मग म्हणाल्या, "मग मी ते वर्षभर कशासाठी बोलले नाही?" या वेळी मी चहा विचारला नाही, एवढंच. उठताना त्या म्हणाल्या, "सभेत सांगा. मी खाली बसून ऐकते. यांनी घरी सांगितलं नाही, ते मी घरी बघून घेईन."

दादा, ते तुमचं तुम्ही बघा. त्यात कार्यालय काही करू शकत नाही.

पण एक सांगते, आणि हे मी कागदात न बघता सांगते. खुर्ची मी परत देऊ शकत नाही. ती वर्षं गेली. माफी मागितली म्हणजे हिशेब मिटला, असं मी समजत नाही आणि तुम्हीही समजू नका. तुम्ही सही करावी ती माझं मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. तुम्ही बावीस वर्षं जी खूण केलीत ती बरोबर जागी केलीत, आणि नंतर चौदा वर्षं पानांवर केलीत तीही बरोबर जागी केलीत. तुमच्या पुस्तकात एक खूण चुकीच्या जागी आहे. ती माझ्या हाताची आहे. चुकीची खूण साच्यात राहू द्यायची नाही, हे प्लास्टरखोलीत तुम्हीच सगळ्यांना शिकवलंत. पाच वाजून पाच मिनिटं झालीत. कागद टेबलावर आहे. मी बसते.

बसण्यापूर्वी उपचार. अध्यक्षांनी मला बोलू दिलं आणि मध्ये घड्याळ बघितलं नाही, सचिव मॅडमनी लांबून येऊन हे सगळं घरचं ऐकून घेतलं, नव्या मॅडमनी मला दोनदा न चिडता समजावलं, भांडारपालांनी चौकशीतला आपला वाटा स्वतःहून मान्य करून मान्यतेच्या कागदावर दुसरी सही केली, आणि समोरच्या रुग्णांनी आपली वेळ आम्हाला दिली, या सर्वांची मी आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ तर नक्कीच जास्त झाली आहे, ते सगळं पोटात घालून मला क्षमा करावी. आणि जे बरोबर बोलले असेन, ते दादांनी अकरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं असं धरावं.

समारंभात दिल्या-घेतल्या वस्तूंची नोंद:

प्लास्टरदादांकडून नव्या मॅडमकडे: वेबसाइटचे पासवर्ड, बंद पाकिटात. तीनशे चाळीस लिंकांची वही, एक. पत्त्याची ओळ काढण्यापूर्वी चित्रांच्या वाटा दुरुस्त कराव्यात, ही सूचना तोंडी दिली. मॅडमनी ती माझ्यासमोर लिहून घेतली, मी वाचून खात्री केली.

अधीक्षकांकडून नव्या मॅडमकडे: अकरा वर्षांपूर्वीचा आदेश रद्द केल्याचा लेखी आदेश, एक प्रत.

अधीक्षकांकडून वहिनींकडे: चौकशीच्या इतिवृत्ताच्या दुसऱ्या पानाची प्रत, एक. त्यांनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली.

अधीक्षकांकडून प्लास्टरदादांकडे: शेरा खोडल्याचा कागद, कारणासह, संचालकांच्या मान्यतेसह. वेळ पाच वाजून सतरा मिनिटे. त्यांनी तो उभ्याने पूर्ण वाचला. चष्मा वहिनींनी दिला.

या नोंदीच्या डोक्यावर केंद्राचा पत्ता लिहिलेला नाही. नोंद याच सभागृहात, समोर बसलेल्या माणसांदेखत केली आहे.

'मिळाले' अशी सही आहे. नियमाप्रमाणे निळ्या शाईची हवी होती. जांभळ्या पेन्सिलीची आहे, टोक ओलं करून केलेली. ग्राह्य धरली.